पाटीवरचे ठळक अक्षर

अक्षर सुंदर असावे, हे आपल्याला शाळेत शिकवतात. अक्षर दुरून वाचता यावे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. सुंदर अक्षर हातातल्या कागदावर वाचावयाचे असते. वाचणारा बसलेला असतो, उजेड पुरेसा असतो आणि न कळलेला शब्द पुन्हा पाहता येतो. पाटी वाचणाऱ्याची गोष्ट निराळी. तो चालत असतो किंवा बसमध्ये उभा असतो, रात्रपाळी करून डोळे चोळीत घरी निघालेला असतो. त्याच्याजवळ पाटीसाठी क्षणभराचा वेळ असतो. तेवढ्यात जे अक्षर त्याच्या डोक्यात शिरेल ते पाटीचे अक्षर. न शिरेल ती नुसती रंगवलेली फळी.

मी कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. माझा अक्षरांशी संबंध आला तो कारखान्याच्या फाटकासमोर बांधावयाच्या कापडी फलकांमुळे आणि फाटकाच्या आत मालकाने लावलेल्या सूचनांमुळे. आमच्या फलकावरचे अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता येते आणि मालकाच्या सूचनेवरचे जवळ जाऊनही वाचता येत नाही, हा फरक योगायोगाचा आहे असे मला कधी वाटले नाही. तेव्हापासून अक्षराच्या जाडीरुंदीकडे पाहण्याची सवय लागली आणि ग्रंथालयात मिळेल ते वाचीत गेलो. आजचा विषय त्यातलाच एक तुकडा आहे: ठळक, रुंद, भूमितीच्या आकारांवर बेतलेले आणि टोकांना शेपट्या नसलेले अक्षर.

प्रथम शेपटी म्हणजे काय ते पाहू. इंग्रजी पुस्तक उघडा. ‘आय’ किंवा ‘टी’ या अक्षराच्या दांड्याला खाली व वर एक लहानशी आडवी पायरी दिसेल. तिला सेरिफ म्हणतात. ती नसलेले अक्षर म्हणजे सॅन्स सेरिफ. मी त्याला बिनपायरीचे अक्षर म्हणतो. लंडनच्या विल्यम कॅस्लन (चौथे) यांनी १८१६ साली आपल्या नमुनापुस्तकात अशा छापील अक्षरांची एक ओळ दाखवली, आणि तीही केवळ मोठ्या अक्षरांची. ती कशाला लागत होती? पुस्तकाला नव्हे. कारखानदारी वाढली, माल वाढला, मालाच्या जाहिराती भिंतींवर आल्या. भिंतीवरचे अक्षर नाजूक असून चालेना. बिनपायरीचे अक्षर वाढले ते बाजारात. विद्वानांच्या टेबलावर त्याला बराच काळ जागा मिळाली नाही.

पुढे १९१६ साली एडवर्ड जॉन्स्टन यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी अक्षरमाला काढली. तिच्यातला ‘ओ’ हा पुरा गोल आहे. आणि १९२७ साली फ्रँकफुर्टच्या बाउअर या खिळे ओतणाऱ्या कारखान्याने पॉल रेनर यांचे ‘फ्युचुरा’ बाजारात आणले. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण आणि सरळ रेघ, यांतून सगळी वर्णमाला उभी करावयाची, हा तो विचार. हाताच्या वळणाची, लेखणीच्या घराण्याची काही खूण ठेवावयाची नाही. यंत्रयुगाला यंत्रयुगाचे अक्षर. हे रेनर नाझींच्या विरोधात उघडपणे लिहीत असत. १९३३ साली त्यांना अटक झाली आणि म्युनिकच्या मुद्रणशाळेतली त्यांची जागा गेली. त्यांचे अक्षर मात्र जगभर गेले. १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या पहिल्या पाटीवर तेच आहे.

फ्युचुरा ठळक असले तरी सगळे रुंद नाही. रुंदीचे नाव घ्यावयाचे तर तुरीनच्या नेबिओलो या कारखान्याचे घ्यावे लागेल. तेथून १९५२ साली ‘मायक्रोग्रामा’ निघाले. त्यात फक्त मोठी अक्षरे होती. १९६२ साली आल्दो नोव्हारेसे यांनी त्याला लहान अक्षरांची जोड देऊन ‘युरोस्टाइल’ केले. यातला ‘ओ’ गोल नाही. कोपरे वळवलेला चौकोन आहे, जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यासारखा. यंत्रांच्या फळ्यांवर, मोजमापाच्या तबकड्यांवर हे आडवे पसरलेले अक्षर पुष्कळ वापरले गेले.

आता थोडे कारागिरीकडे वळू, कारण विषयाची खरी गंमत तेथे आहे. भूमितीचे अक्षर म्हणजे कंपास आणि पट्टी घेतली की झाले, असे वाटेल. तसे करून पाहा. चौकोनी अक्षराइतक्याच उंचीचा गोल काढलात तर तो शेजाऱ्यापेक्षा लहान दिसतो. म्हणून गोल अक्षर वर-खाली किंचित बाहेर काढावे लागते. उभी आणि आडवी रेघ एकाच जाडीची काढलीत तर आडवी जास्त जाड दिसते. म्हणून ती जराशी बारीक करावी लागते. जेथे गोल दांड्याला मिळतो तेथे काळेपणा साचतो. तेथून थोडे तासावे लागते. म्हणजे जे अक्षर अगदी कंपासने काढल्यासारखे दिसते, ते कंपासने काढलेले नसते. डोळ्याला बरोबर दिसावे म्हणून मापाला जाणूनबुजून चुकवलेले असते. गवंड्याला आणि सुताराला हे सांगावे लागत नाही. शिकलेल्या माणसाला सांगावे लागते.

जाडी आणि रुंदी यांचे नाते याहून महत्त्वाचे. अक्षर काळ्या रेघेने वाचले जाते असे आपण समजतो. खरे पाहता ते रेघेच्या आत अडकलेल्या पांढऱ्या जागेनेही तितकेच वाचले जाते. ‘ब’ मधील तिरकी रेघ काढून घ्या, तो ‘व’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक करणारी जागा किती चिमुकली आहे पाहा. अक्षराची रेघ जाड करू लागलो की ती दोन्ही बाजूंनी वाढते आणि आतली पांढरी जागा खाऊ लागते. उंची वाढवता येत नाही, कारण पाटीची उंची ठरलेली. मग आतली जागा वाचवण्याचा एकच मार्ग उरतो: अक्षर आडवे पसरावयाचे. ठळक अक्षराला रुंदी लागते ती या कारणाने. तो दिमाख नव्हे, श्वास घेण्याची सोय आहे.

येथे संगणकाने एक उपद्रव करून ठेवला आहे. फ्लेक्सच्या दुकानात बसलेला मुलगा अक्षर रुंद करावयाचे म्हणजे माउसने ओळ धरून बाजूला ओढतो. दीडपट ओढली की उभे दांडे दीडपट जाड होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. उलट उभे ओढले तर शिरोरेषा तुळईसारखी होते आणि काने काडीसारखे उरतात. खरे रुंद अक्षर असे ओढून निघत नाही. त्यात रेघेची जाडी राखून फक्त पोकळी वाढवलेली असते, आणि ते एकेक अक्षर बसून काढावे लागते. दोष त्या मुलाचाही नाही. त्याला दिवसात पंचवीस फलक काढावयाचे असतात आणि हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

आता देवनागरी. आपली अक्षरे तिरक्या कापलेल्या बोरूतून आली. रोमन लेखणीत डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ जाड येते. बोरूचा काप उलटा असल्यामुळे आपल्याकडे खालून उजवीकडे वर चढणारी रेघ जाड येते. जाड-बारीक हा आपल्या अक्षराचा स्वभाव. मुंबईच्या छापखान्यांनी हेच वळण शिशात उतरवले. जावजी दादाजींच्या निर्णयसागराची अक्षरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सगळ्या देशात नावाजली, ती बोरूचे वळण खिळ्यात इतके नीट बसवल्यामुळे. त्या अक्षरांचा मी चाहता आहे. पण ती पोथीची, पुस्तकाची अक्षरे. रस्त्यावरच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांनी चपट्या ब्रशने स्वतःचे निराळे वळण तयार केले. सारख्या जाडीची रेघ, चौकोनी टोक, रुंद पोट. आपले बिनपायरीचे अक्षर पहिल्यांदा शिडीवर उभे राहून काढले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. त्या पेंटरांची नावे पाटीच्या कोपऱ्यात असत. पाट्या गेल्या, नावेही गेली.

संगणकाच्या काळात मात्र या कामात चांगली भर पडली. २०१४ साली अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीने ‘पॉपिन्स’ ही अक्षरमाला काढली. तिच्यातली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिन्हॉर्न यांची. दोन्ही लिप्या वर्तुळावर बेतलेल्या, रेघ जवळजवळ एकसारखी, केसासारख्या बारकीपासून कोळशासारख्या काळ्यापर्यंत नऊ जाड्या. ती कोणालाही फुकट घेता येते. मुंबईच्या ‘एक टाईप’ या मंडळींनी ‘मुक्त’, ‘बलू’ आणि ‘मोदक’ काढले. ‘मोदक’ हे सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचे काम. त्यात जाडी इतकी वाढवली आहे की आतली पांढरी जागा एखाद्या फटीएवढी उरते, आणि तरीही अक्षर ओळखू येते. प्रयोग म्हणून तो थक्क करणारा आहे. मिठाईच्या दुकानावर किंवा मंडळाच्या कमानीवर तो शोभतो. विजेच्या खांबावर ‘सावधान’ लिहावयास मी तो घेणार नाही.

पॉपिन्ससारख्या अक्षरमालेत ‘ठ’, ‘ढ’, ‘ट’ ही अक्षरे आनंदाने बसतात. ‘ठ’ तर नुसता दांडीला टांगलेला गोल. ‘ग’, ‘प’, ‘न’ यांचीही तक्रार नसते. पण ‘क’ ला दांड्याच्या दोन बाजूंस दोन पोटे आहेत, आणि जाड अक्षरात ती दोन्ही दांड्यावर चाल करून येतात. ‘श्र’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांची तऱ्हा आणखी अवघड. आणि सर्वांत अवघड शब्द कोणता म्हणाल, तर आपल्या राज्याच्या नावाचाच शेवट: ‘ष्ट्र’. तीन व्यंजने एका जागी, त्यात ‘र’ तर ‘ट’ च्या पायाखाली. रोमन अक्षर ठळक करणाऱ्याला असा प्रसंग येत नाही. त्याला सव्वीस मोठी आणि सव्वीस लहान अक्षरे नीट केली की घरी जाता येते; आपल्याकडे जोडाक्षरे धरून शेकड्यांनी आकार काढावे लागतात, आणि एकाला जे औषध लागू पडते ते दुसऱ्याला पडत नाही.

आपल्या गावाचेच नाव तपासणीला घेऊ. ‘कोपरखैरणे’. नशीब असे की या शब्दात खाली लोंबणारे काही नाही, ना उकार ना पायमोडका ‘र’. ओळीच्या खालची सगळी जागा मोकळी. पण वर पाहा. ‘को’ ची एक मात्रा, ‘खै’ च्या दोन, ‘णे’ ची एक; चार मात्रा शिरोरेषेवर उभ्या आहेत. अक्षर ठळक केले की ‘खै’ च्या दोन मात्रा एकमेकींना चिकटतात, आणि लांबून ‘खे’ दिसू लागते. बारीक करून वाचवाव्या तर बाकी शब्दापुढे त्या फिक्या पडतात. चांगला कारागीर दुसरी मात्रा अधिक तिरकी नेतो आणि दोघींच्या मधली फट राखतो. ‘ण’ चे दोन दांडे आणि मागचा काना मिळून तीन उभ्या रेघा एका अक्षरात येतात. तेथे रुंदी दिली नाही तर जाळीचा दरवाजा होतो. आणि ‘ख’! तो मुळात ‘र’ आणि ‘व’ यांच्या शेजारातून झालेला. खाना आणि रवाना यांचा घोटाळा जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. म्हणून तर ‘ख’ चे दोन भाग खाली जोडण्याची सुधारणा झाली. अक्षर फार पसरले आणि तो जोड नीट ठेवला नाही तर कोपरखैरणेचे ‘कोपररवैरणे’ होते. रुंदीलाही मर्यादा आहे ती अशी. ‘ण’ रुंदी मागतो, ‘ख’ फार रुंदी सोसत नाही, आणि दोघे एकाच शब्दात.

हे सगळे डोळ्याचे चोचले आहेत असे कोणी म्हणेल, म्हणून कायद्याकडे येतो. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी नाव देवनागरीत, आरंभी, आणि त्याच्या अक्षरांचा टंक-आकार दुसऱ्या कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नाही, असा तो नियम. व्यापाऱ्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात गेली. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत देऊन पाट्या लावावयास सांगितल्या. कायदा योग्य आहे असेच माझे मत आहे. पण कायद्यातला ‘आकार’ हा शब्द छापखान्यातून आला आहे, आणि छापखान्यात त्याचा अर्थ आपल्याला वाटतो तो नव्हे.

खिळ्याचा आकार म्हणजे शिशाच्या ठोकळ्याची उंची. त्या ठोकळ्यावरचे अक्षर केवढे, हे काढणाऱ्यावर. देवनागरीच्या ठोकळ्यात वर मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा सोडावी लागते आणि खाली उकारांना. मधल्या अक्षराला उरेल तेवढे. रोमन मोठ्या अक्षरांना एवढी खोली सोडावी लागत नाही. संगणकात शिसे गेले पण हिशेब तोच राहिला. म्हणून दोन्ही लिप्यांचा आकडा एकच ठेवला तरी पुष्कळ अक्षरमालांत मराठी अक्षर इंग्रजीच्या शेजारी धाकट्या भावासारखे दिसते. नियमाचे पालन झाले, आणि पाटी मात्र इंग्रजीच. शिवाय नियम जाडीबद्दल काही बोलत नाही. इंग्रजी नाव काळेकुट्ट, रुंद, आत दिवे घातलेले. आणि वर त्याच आकड्याचे मराठी नाव सुतासारख्या रेघेचे, भिंतीच्या रंगाशी मिळताजुळता रंग दिलेले. ठाण्याहून वाशीकडे येताना गाडीच्या खिडकीतून पाहा, अशा पाट्या मोजता मोजता स्टेशन येते.

येथे पॉपिन्सची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यात देवनागरीच्या मूळ अक्षराची उंची रोमनच्या ‘बी’, ‘डी’ अशा लहान अक्षरांच्या वर गेलेल्या दांड्याएवढी ठेवली आहे, आणि रोमन मोठी अक्षरे देवनागरीपेक्षा किंचित बुटकी आहेत. म्हणजे एकच आकडा आणि एकच जाडी घेतली की दोन्ही लिप्या बरोबरीने उभ्या राहतात, आणि मराठी तसूभर उंच. कायदा करणाऱ्यांना जे शब्दांत पकडता आले नाही ते एका कारागिराने आकारात करून दाखवले.

अशा अक्षरमाला वापरताना ‘ल’ आणि ‘श’ मात्र पाहून घ्यावे. मराठीचा ‘ल’ आणि हिंदीचा ‘ल’ यांचे वळण निराळे. राज्य सरकारने २००९ साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढताना मराठी वळणेच धरावयास सांगितली. अनेक अक्षरमालांत दोन्ही वळणे भरलेली असतात, पण संगणकाला मजकूर मराठी आहे असे सांगितल्याशिवाय तो हिंदी वळण काढतो. सांगणे हे दोन बटणांचे काम. कोणी सांगत नाही.

आता कारखान्याच्या फाटकाशी जाऊ. १९४८ च्या कारखाने कायद्याचे १०८ वे कलम आम्हा संघटनेच्या लोकांना पाठ असे. सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक व सोयीच्या जागी असाव्यात, आणि स्वच्छ व वाचता येतील अशा स्थितीत ठेवाव्यात, असे त्यात म्हटले होते. ‘वाचता येतील’ हे दोन शब्द फार मोलाचे होते. पण ते तपासावयाचे कसे? आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात, नाव घेत नाही, टाकीवर इंग्रजी सूचना हातभर होती आणि तिच्याखाली मराठी सूचना उरलेल्या पट्टीत कोंबून बसवलेली होती. आडवी आक्रसलेली, मात्रा शिरोरेषेला चिकटलेल्या, ‘धोका’ मधला ‘ध’ की ‘घ’ ते सांगता येऊ नये. टाकीजवळ काम करणारे कंत्राटी कामगार. त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते. आम्ही तक्रार केली तर उत्तर मिळाले की मराठी मजकूर लावलेला आहे. तो लावलेला होता, यात शंका नाही. पुढच्या बोलणीत आम्ही मजकुराची भाषा सोडून दिली आणि अक्षराची उंची, रेघेची जाडी आणि किती अंतरावरून वाचता यावे, एवढेच मागितले. मापे मागितली की वाद लवकर मिटतो, कारण माप घेऊन जाऊन पाहता येते. नवी पाटी महिन्याभरात लागली.

मापांचा एक ढोबळ हिशेब पाटी करणारे सांगतात: रोमन मोठ्या अक्षरांची दर इंच उंची दहा फुटांवरून आरामात वाचता येते. देवनागरीत हे माप शिरोरेषेपासून तळापर्यंतच्या अंगाचे धरावे, मात्रांसकट नव्हे, आणि वर थोडे अधिकच ठेवावे. कारण वाचणाऱ्याला मात्राही ओळखावयाच्या असतात, आणि मात्रा अंगापेक्षा लहान असतात. चाळीस फुटांवरून वाचावयाचे तर चार इंचांवर समाधान मानू नये.

तांबड्या कापडावर पांढरे अक्षर काढणारांसाठी एक सूचना आहे, आणि ती आमच्या पेंटरानेच मला दिली. गडद पार्श्वभूमीवरचे पांढरे अक्षर पसरते. आहे त्याहून जाड दिसते. म्हणून पांढऱ्यावर काळे काढताना जी जाडी घ्याल त्याहून एक पायरी कमी घ्यावी आणि दोन अक्षरांमधली जागा जराशी वाढवावी. मात्र वाढवताना शिरोरेषा तुटू देऊ नये. आजकाल इंग्रजीच्या अनुकरणाने मराठी अक्षरे सुटी सुटी मांडतात. शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो, ती तुटली की वाचणाऱ्याला शब्द कोठे संपला ते कळत नाही. आणि सगळा फलक ठळक करू नये. ठळकपणा हा शेजारच्या बारीक अक्षरामुळे ठळक असतो. बारा ओळी सारख्याच जाड काढल्या तर त्यांतली एकही ठळक नसते. मागणी एका ओळीत ठळक लिहावी, कारणे खाली साध्या अक्षरात द्यावीत, आणि सभेची वेळ व ठिकाण पुन्हा ठळक.

तीन टाकीच्या परिसरात अजून हाताने पाट्या रंगवणारे कोणी सापडले तर त्यांना फ्लेक्सच्या दुकानात नेऊन त्या मुलांच्या शेजारी दोन दिवस बसवावे, असे मी आमच्या तरुण कार्यकर्त्यांना सांगत असतो. मुलांना यंत्र येते, त्यांना पांढरी जागा दिसत नाही; पेंटरांना ती दिसते. जुन्या पाट्या काढून टाकण्यापूर्वी निदान त्यांची छायाचित्रे घ्यावीत. ‘ण’ तीन रेघांत कसा मोकळा ठेवला आणि ‘खै’ च्या मात्रा कशा वेगळ्या राखल्या, हे त्यांत पाहावयास मिळेल.